ॲडमिनकडून, खासगी

१

मंगळवारी सकाळी शारदा माझ्या दारात आली आणि चपला न काढता तशीच उंबऱ्याबाहेर उभी राहिली. बसायचं नाही, हे तिने तेवढ्यावरूनच सांगितलं.

“ये ना, चहा टाकतो.”

“चहा नको, सर. आधी हे वाचा.”

तिने फोन पुढे केला. मुलीच्या फोनच्या पडद्याचा तिने आपल्या फोनवर फोटो काढला होता. वर लिहिलं होतं: ‘ॲडमिनकडून, खासगी. गुरुवार, दुपारी ४.१२.’ आणि खाली:

‘स्टेजवर नको. लोक हसतील. मराठी कमी आणि गरौठाच जास्त ऐकू येतो.’

“विजूला आलंय हे,” शारदा म्हणाली. “बारा दिवस झाले. पोरीने कोणाला सांगितलं नाही. काल तिची आजी म्हणाली, ही माझ्याशी पण हिंदीतच का बोलायला लागली? तेव्हा मी फोन बघितला.”

विजू म्हणजे विजयालक्ष्मी. वय अकरा. तिचे वडील झाशी जिल्ह्यातल्या गरौठा गावी तहसील कचेरीत होते, त्यामुळे पोर तिकडेच वाढली. दोन वर्षांपूर्वी हे कुटुंब झाशीला आलं. मराठी घरातली, पण अंगणात, शाळेत, बाजारात सगळी बुंदेली बोली. आमच्या मराठीच्या वर्गात आली तेव्हा तिला मराठी समजत होती, बोलता येत नव्हती. दोन वर्षांत ती बोलायला लागली होती. येत्या रविवारी लक्ष्मी ताल या तळ्याजवळ महालक्ष्मीच्या देवळात आमच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम होता आणि त्यात विजू पाच मिनिटं मराठीत बोलणार होती.

“बारा दिवसांत तिने मराठीचा एक शब्द काढलेला नाही,” शारदा म्हणाली. “मी म्हटलं, अगं, कोणीतरी एकाने लिहिलं असेल, सोडून दे. तर म्हणते, ‘मम्मी, नाम तो है नहीं. मुझे तो सब में वही दिखता है.’ तुम्ही, इंदूताई, विश्वंभरजी, सगळ्यांच्या तोंडाकडे बघून तिला तेच वाक्य आठवतं. मला नाव पाहिजे, सर. रविवारपर्यंत नाव कळलं नाही, तर ती वर्गात येणार नाही. पुन्हा कधीच नाही.”

“शोधतो,” मी म्हणालो.

ती गेली. मी दार लावलं आणि खुर्चीत बसलो. 

ते वाक्य माझं होतं. शब्दन् शब्द माझा. पण मी ते विजूला पाठवलं नव्हतं.

२

आमचा वर्ग कसा चालतो ते आधी सांगतो, म्हणजे पुढे कोणी अडणार नाही.

झाशीत मराठी घरं थोडी, तीही विखुरलेली. मुलांना रोज एका जागी जमवणं शक्य नाही. म्हणून तीन वर्षांपूर्वी मंडळाने फोनवर एक मोफतचं ॲप घेतलं आणि त्यात एक खोली उघडली. खोली म्हणजे ग्रुपच. आम्ही गोष्ट सांगतो, मुलं ती आपल्या शब्दांत सांगून दोन मिनिटांचा आवाज पाठवतात. ते आवाज फक्त ॲडमिन मंडळींना ऐकू येतात, इतर मुलांना नाही.

खोलीचे नियम मीच ठरवले. गणिताचा मास्तर होतो मी, नियम आखायला मला आवडतं. मुलांनी एकमेकांना खासगीत लिहायचं नाही, कारण चिडवाचिडवी तिथेच सुरू होते. मुलाने ॲडमिनलाही आपण होऊन खासगीत लिहायचं नाही. ॲडमिनने लिहिलं तर त्याला उत्तर तेवढं देता येईल. आणि ॲपची रीत अशी की मुलाला पाठवणाऱ्याचं नाव दिसत नाही, फक्त ‘ॲडमिन’ दिसतं. मला तेही बरं वाटलं. एक शिक्षक लाडका आणि दुसरा कडक, असं मुलांनी ठरवू नये.

प्रत्येक आवाजाखाली एक बारीक चौकट असते. तिला ‘टीप’ म्हणतात. तिथे आम्ही एकमेकांसाठी लिहायचो. शाळेत शिक्षकांच्या खोलीत वहीच्या कडेला पेन्सिलीने शेरा मारून ती सहकाऱ्याकडे सरकवायची माझी चाळीस वर्षांची सवय. विजूचा आवाज ऐकून मी तसाच शेरा मारला होता, वर्गाचे बाकीचे दोन ॲडमिन, इंदू आणि विश्वंभर, यांच्यासाठी. मुलीने तो वाचावा असं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

म्हणजे दोघांपैकी एकाने तो उचलून तिला पाठवला होता.

हे सगळं मी पार्वतीवहिनीला सांगितलं. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेला त्याला वीस वर्षं झाली. ती अठ्ठ्याहत्तरची आहे आणि तेहतीस वर्षं रेल्वेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. डब्यात लाडू किती होते इथपासून कोणाचं लग्न का मोडलं इथपर्यंत, घरातली कोडी तीच सोडवते.

मटार सोलता सोलता तिने ऐकून घेतलं.

“शारदाला सांगितलंत, की वाक्य तुमचं आहे?”

“नाही.”

“का?”

“आधी पाठवणारा सापडू दे, मग सांगतो.”

“भाऊजी,” वहिनी म्हणाली, “वाक्य तुमचं आणि चोर दुसरा. फार सोयीचं आहे हो तुमचं.”

मी समोरची एक शेंग उचलून सोलायला घेतली.

“ॲडमिन किती जणं आहात?”

“तिघं. मी, इंदू, विश्वंभर. आणि बापूराव, पण ते मानाचे.”

“मानाचा ॲडमिन?” वहिनीच्या हातातली शेंग तशीच राहिली. “हे काय नवीन काढलंत?”

३

मानाच्या ॲडमिनची गंमत पुढे येईल. आधी इंदू.

इंदू एका शाळेत शिकवते. पंचेचाळिशीची, बोलायला सरळ. मुलांना गोष्ट सांगायची ती तिनेच. त्याच संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी आणि वहिनी तिच्या घरी गेलो. मी फोटो दाखवला.

ती वाचत असताना तिचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

“ही तुमची टीप आहे.”

“हो. पण तिच्यापर्यंत कोणी पोचवली?”

“मला विचारताय? मला?” तिने फोन टेबलावर ठेवला. “सर, विजूला स्टेजवर घ्या म्हणून मी तुमच्याशी भांडले. तुम्ही हे लिहिलंत, त्याच दिवशी संध्याकाळी मी तुमच्या टिपेखाली उत्तर लिहिलं, की मला हे पटत नाही. तुम्ही वाचलंत तरी का?”

“वाचलं.”

“आणि?”

“गप्प बसलो.”

“मग झालं तर.” ती उठून खिडकीपाशी गेली. “एक सांगू? गेल्या महिन्यापासून मुलं गळतायत. एकोणीस होती, तेरा राहिली. तुम्ही म्हणालात, परीक्षा आहे. मी त्यांना फोन केले. कोणी कारण सांगत नाही. जयसिंग तर माझा फोनच उचलत नाही. पूर्वी दिवसातून तीन आवाज पाठवायचा तो.”

वहिनीने पहिल्यांदाच तोंड उघडलं. “गेल्या महिन्यात केव्हापासून?”

“दिवाळीच्या आधी. दसऱ्यानंतर लगेच.”

“बरं,” वहिनी म्हणाली, आणि उठली.

जिना उतरताना मी म्हटलं, “ती रागावली खूप. जो खरा असतो त्याला एवढा राग येतो का?”

“जो खोटा असतो त्याला येतो का?” वहिनी म्हणाली. “तुम्हाला ती हवी आहे का, भाऊजी? गुन्हेगार म्हणून?”

तिने बरोबर ओळखलं होतं. मला कोणीतरी हवं होतं.

४

विश्वंभर आमच्या मंडळाचा सचिव. कार्यक्रमपत्रिका, खुर्च्या, माइक, पाहुणे, सगळं त्याच्या अंगावर. बुधवारी सकाळी तो मला आणि वहिनीला देवळातच भेटला. सतरंज्या झटकून घेत होता.

“विश्वंभरभैया, विजूबद्दल विचारायचं होतं.”

“नाव छापलंय तिचं. आता बदल नाही. ग्वाल्हेरहून पाहुणे येतायत, सर, आयत्या वेळी गडबड नको.”

मी फोटो दाखवला. त्याने चष्मा कपाळावर चढवून वाचला.

“अरे बाप रे! कुणी लिहिलं हे?”

“मी. तुम्हा दोघांसाठी, टिपेत. ते तिला कोणीतरी पाठवलं.”

“टिपेत?” तो गोंधळला. मग जरा ओशाळला. “आता तुमच्यापासून काय लपवायचं. मी टिपा वाचत नाही, सर. एक पण नाही. तेरा पोरं, रोज दोन मिनिटं, त्यावर तुमचे शेरे, त्यावर इंदूजींचे शेरे. मी ‘सगळं वाचलं’ ते बटण दाबतो आणि सतरंज्या मोजायला येतो.”

त्याने फोन काढून वहिनीच्या हातात दिला. वहिनीने बराच वेळ बोट फिरवून पाहिलं. खरंच, विजूचा तो आवाज त्याने एकदाही उघडलेला नव्हता.

“न वाचलेलं कोण पाठवणार?” वहिनी मला म्हणाली.

पण विश्वंभरच्या डोक्यात दुसरंच फिरत होतं. “मी नाही, तुम्ही नाही,” तो म्हणाला. “मग राहिलं कोण? इंदूजीच. नाही नाही, सर, मुलांचा मामला आहे, यात भीड ठेवून चालणार नाही.” आणि मी काही म्हणायच्या आत त्याने फोन परत घेतला, खोली उघडली आणि इंदूचं नाव ॲडमिनच्या यादीतून काढून टाकलं. मी समोर उभा होतो. एका शब्दाने थांबवता आलं असतं.

मी थांबवलं नाही. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला हलकं वाटलं. गुन्हेगाराला नाव मिळालं होतं, आणि ते माझं नव्हतं.

देवळाबाहेर वहिनी तालाकडे तोंड करून उभी राहिली.  मग म्हणाली, “एका बाईची अब्रू गेली, आणि तुम्ही सतरंज्या बघत होतात. चला आता तुमच्या मानाच्या ॲडमिनकडे.”

५

बापूराव दाभाडे लक्ष्मी गेटच्या आत राहतात. वय अठ्ठ्याऐंशी. यंदा दसऱ्याला ते मंडळाचे अध्यक्ष झाले. आमच्याकडे पूर्वीपासूनची रीत आहे, वडीलधाऱ्याला नुसतं पद देत नाहीत, त्यासोबत काहीतरी मानाचं हातात ठेवतात. कधी आरतीचं तबक, कधी पालखीचा दांडा. यंदा कोणाला तरी सुचलं, की बापूरावांना मुलांच्या खोलीचं ॲडमिन करू. त्यांना शाल, नारळ आणि ॲडमिनपद असं तिन्ही एकदमच दिलं.

बापूराव पलंगावर बसून फोन कानाला लावून एका मुलाचा आवाज ऐकत होते.

“या, या, मास्तर! पार्वती, तू पण? आज सूर्य कुठून उगवला?”

वहिनी त्यांच्या पाया पडली. “आबा, तुम्ही रोज ऐकता मुलांना?”

“रोज! सगळ्यांचं ऐकतो. खाली लिहितो, ‘शाब्बास, बापूआजोबा.’ दुसरं मला काही लिहिता येत नाही आणि लिहायचं पण नाही. पोरं गोड आहेत ग. उत्तरं देतात. हे बघ.” त्यांनी फोन पुढे केला. ‘थँक्यू आजोबा.’ ‘थँक्यू बापू आजोबा, आप कैसे हो.’ एकीने फूल पाठवलं होतं.

“किती छान,” वहिनी म्हणाली. “अगदी पहिल्या दिवसापासून उत्तरं येतात?”

“छे! तीच तर गंमत. दसऱ्याच्या दिवशी मला मान दिला, मी तिथेच दहा पोरांना शाब्बास लिहिलं. एकाचं उत्तर नाही. मी मास्तरांना म्हटलं, मास्तर, हा कसला मान? माझा आशीर्वाद पोरांपर्यंत पोचत नाही! मग यांनीच माझ्या फोनमध्ये काहीतरी केलं आणि लागली पोरं बोलायला. हो की नाही, मास्तर?”

“हो,” मी म्हणालो. “एक परवानगी होती. ‘ॲडमिनची टीप मुलाला खासगीत पाठवा.’ ती बंद होती. मी आबांच्या नावावर बोट ठेवून ती सुरू केली. फक्त आबांपुरती.”

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. तिचं असं पाहणं मी ओळखतो. एक्स्चेंजमधून घरी येऊन ती एखाद्या वेळी भावाला सांगायची, आज दोन माणसं अर्धा तास भांडली आणि लाइन चुकलेली, दोघांना वाटत होतं आपण तिसऱ्याच माणसाशी बोलतोय.

“भाऊजी,” ती हळूच म्हणाली, “मला विजूचा फोन बघायचा आहे. फोटो नको. फोन.”

मी जितकं पाहिलं तितकंच तुम्हीही पाहिलं आहे. वहिनीला कळलं होतं. मला अजून कळायचं होतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

६

शारदाने दार उघडलं. विजू आतल्या खोलीत गृहपाठ करत होती. आम्हाला पाहून तिने वही मिटली आणि नजर खाली घातली.

वहिनी तिच्याशी बुंदेलीतच बोलायला लागली. मला त्यातलं निम्मंच समजलं. पण विजूने मान वर केली आणि आपला फोन वहिनीला दिला. मग दोघी हिंदीवर आल्या.

“बिटिया, इसके नीचे एक और है. खोला नहीं?”

“नहीं,” विजू म्हणाली. “एक पढ़ लिया, बस. फिर मैंने वो डिब्बा ही नहीं खोला.”

“मेरे सामने खोलेगी?”

विजूने ओठ आवळून बोट टेकवलं. पडद्यावर दुसरा निरोप उघडला. ‘ॲडमिनकडून, खासगी. गुरुवार, संध्याकाळी ६.५०.’

‘मला हे पटत नाही. आवाज मोकळा आहे, मुलगी घाबरत नाही. कार्यक्रमात मला हीच हवी आहे.’

विजूने ते दोनदा वाचलं, आणि मग तिसऱ्यांदा ओठ हलवत.

“ये किसने लिखा?”

“इंदूताईंनी,” मी म्हणालो. 

वहिनी माझ्याकडे वळली आणि मराठीत बोलू लागली. आवाज न चढवता, पोराला बेरीज समजावताना मी बोलतो तशी.

“आता बघा. कोणी दुष्टपणाने तुमचं वाक्य उचलून हिला पाठवलं असतं, तर त्याने इंदूचं हे उत्तर कशाला पाठवलं असतं? ज्याला पोरीला रडवायचं आहे, तो तिची बाजू घेणारी ओळ तिला देईल का? आणि इंदूने पाठवलं म्हणाल, तर तिने आधी तुमचं वाक्य का पाठवावं? म्हणजे कोणी निवडून पाठवलेलं नाही. तुम्ही लिहिलंत, ते आलं. तिने लिहिलं, ते आलं. टिपा आपल्या पायांनी आल्या. तुमच्या फोनवर तुमची टीप किती वाजताची आहे?”

मी पाहिलं. चार बारा.

“उचलून पाठवायला एक मिनिट तरी लागतं,” वहिनी म्हणाली. “आता दुसरं. दसऱ्याच्या आधी आबांचे शाब्बास पोचत नव्हते, नंतर पोचायला लागले. मुलं पण दसऱ्यानंतरच गळायला लागली. त्या दिवशी काय बदललं? तुम्ही एक परवानगी सुरू केलीत. तुम्हाला वाटलं, ती आबांची आहे. पण नाव आबांचं असलं तरी परवानगी ॲडमिनची होती. खोलीतल्या प्रत्येक ॲडमिनची.” तिने विजूचा फोन तिला परत दिला. “आमच्या एक्स्चेंजच्या बोर्डावर असं झालं, तर चुकीच्या लाइनवर बोलणाऱ्याला कधी कळायचं नाही. ऐकणाऱ्याला कळायचं.”

शारदा दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. पण ती ज्याची वाट पाहत होती ते अजून कोणी बोललं नव्हतं.

“नाव?” ती म्हणाली.

“माझं,” मी म्हणालो. “वाक्य माझं. परवानगी मी दिली. आणि मंगळवारी तू दारात आलीस, तेव्हाच मला माहीत होतं की वाक्य माझं आहे. मी तुला सांगितलं नाही.”

विजू माझ्याकडे पाहत होती. तिने विचारलेला प्रश्न मला अपेक्षित नव्हता.

“सर, वो गलती से आया, समझ गई,” ती म्हणाली. “पर आपने लिखा तो था ना? आपको सच में ऐसा लगता है?”

इथे खोटं बोलायची फार सोय होती. टीप चुकून गेली, ॲप बिघडलं, माझा चष्मा जुना झाला.

“लिहिलं तेव्हा वाटत होतं,” मी म्हणालो.

ती वही घेऊन दुसऱ्या खोलीत निघून गेली.

७

घरी आल्यावर वहिनीने माझा फोन मागितला. “तुमची टीप विजूला पोचली, तर बाकीच्यांनाही पोचली असणार. मुलांना उत्तर देता येतं. आबांना येतात. तुमची कुठे आहेत?”

पडद्याच्या कोपऱ्यात एक खूण होती, तिच्यावर लाल आकडा. मी ती जाहिरात समजत होतो. वहिनीने ती दाबली.

चौदा उत्तरं होती. सगळी दसऱ्यानंतरची. पाठवणारा कोण ते दिसत नव्हतं, तरी पोरांनी अंदाजाने ‘सर’च लिहिलं होतं.

‘सॉरी सर.’

‘सर मैं कल ठीक से करूँगी.’

‘सॉरी सर.’

‘सर, मम्मी को मत बताना.’

आणि जयसिंगचं. त्याच्या आवाजाखाली मी लिहिलं होतं, ‘तोंडात गोळी ठेवून बोलतो.’ त्याने मराठीत उत्तर दिलं होतं, अक्षर अक्षर जुळवून: ‘सर गोळी नव्हती. दात पडला आहे.’

चाळीस वर्षं शाळेत मी कोणाला छडी मारली नाही, याचा मला अभिमान होता. शिक्षकांच्या खोलीत मारलेले ते शेरे आठवायला लागलो, तर मोजता येईनात. ते पोरांपर्यंत पोचत नव्हते, म्हणून मी चांगला मास्तर होतो.

वहिनीने माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. धीराचं काही बोलली नाही. त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

मी इंदूला फोन केला. सगळं सांगितलं. देवळात विश्वंभरने तिचं नाव काढलं तेव्हा मी गप्प उभा होतो, हेही सांगितलं. 

“माझं नाव परत घाला,” ती म्हणाली. “आणि तुमचं काढा, सर.”

मी आधी ती परवानगी बंद केली. मग इंदूचं नाव घातलं आणि माझं काढलं. ते झाल्यावर लक्षात आलं, की आता मी खोलीतला साधा सभासद आहे. मुलांना खासगीत लिहायची मुभा मला नाही. माझ्याच नियमाने. एकेकाची हळूच, कोणाला न कळता माफी मागायची वाट मीच बुजवली होती. जे लिहायचं ते सगळ्यांसमोर.

मी सगळ्यांसमोर लिहिलं. कोणाला काय लिहिलं होतं ते उघड केलं नाही, ते त्यांचं होतं. पण ती वाक्यं माझी होती, ती चुकून पोचली असली तरी चुकून लिहिली नव्हती, आणि इंदूताईंचा यात काही दोष नव्हता, हे लिहिलं. खाली पूर्ण नाव, रमाकांत पाध्ये.

तासाभराने शारदाचा फोन आला. पलीकडे विजू होती.

“लिखना तो आसान है, सर,” ती म्हणाली.

“मग काय करू?”

“रविवार को मेरे पाँच मिनिट आप ले लो. बोलके दिखाओ. गरौठा वाली बोली में. सबके सामने.”

“मला येत नाही ग ती.”

“पता है,” विजू म्हणाली.

८

रविवारी सकाळी देऊळ भरलं होतं. विश्वंभरने हात जोडून विनवलं, सर, ग्वाल्हेरचे पाहुणे आहेत, हे काय करताय. मी माइकसमोर उभा राहिलो.

तीन दिवस मी दूधवाल्याकडून चार वाक्यं घोटून घेतली होती. चौऱ्याहत्तर वर्षं या गावात काढली, पण ही बोली मी नेहमी भाजीवाल्यांची समजत आलो. ती तोंडात घालायची वेळ कधी आली नव्हती. पहिलंच वाक्य अर्ध्यावर अडकलं. दुसऱ्याला मागच्या रांगेतून कोणीतरी खुदकन हसलं, मग पुढच्या रांगेतून, आणि मग सगळं देऊळ हसायला लागलं. पाहुणेही हसले.  चौथं वाक्य मी विसरलो. खाली बसावंसं वाटलं. बसलो असतो तर कोणी काही म्हटलंही नसतं.

तेव्हा कळलं, की अकरा वर्षांच्या मुलीला मी काय म्हणालो होतो.

विजू दुसऱ्या रांगेत आईजवळ बसली होती. ती हसत नव्हती. भुवया आवळून माझ्या तोंडाकडे बघत होती. गणित चुकत असलेल्या पोराच्या पाटीकडे मी बघतो तशी. मग ती उठली, खुर्च्यांमधून वाट काढत आली आणि माइकपाशी माझ्या शेजारी उभी राहिली. हसणं थांबलं.

“असं नाही, सर,” ती म्हणाली. मराठीत. सतरा दिवसांनी. माइक चालू होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. तिच्या त्या तीन शब्दांतही गरौठा स्पष्ट ऐकू येत होता.

“तोंड जरा सैल सोडा. मी सांगते तसं म्हणा.”

तिने वाक्य सांगितलं. मी म्हटलं. तिने मान हलवली, नाही, आणि पुन्हा सांगितलं.